ज्याला मारलं त्याचं सुतक

"ताई, रात्री चोर घरात शिरला तर ख्रिस्ती माणसाने काय करायचं? दुसरा गाल पुढे करायचा का?"

हा प्रश्न वर्षातून दहा-बारा वेळा तरी माझ्यापुढे येतो. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) आमचे बरेच लोक वस्तीवर राहतात. गाव दोन-तीन किलोमीटर लांब, चहूकडे ऊस. मोटारीला लाइट रात्रीची, म्हणजे घरचा पुरुष पाणी धरायला रानात आणि घरात बाया, पोरं, म्हातारी माणसं. आसपास कुठे दरोडा पडला की पुढचे पंधरा दिवस कोणाचा डोळा लागत नाही. मग रविवारी उपासना सुटल्यावर कोणीतरी मला बाजूला घेतं आणि हळूच सांगतं, उशाखाली कोयता घेऊन झोपतो. झोपण्याआधी त्याच खाटेशी गुडघे टेकून प्रार्थना करतो. देवाला हे चालतं का?

त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. पण सुरुवात एका मावशींपासून करते. या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला पुस्तकांनी दिलं होतं, उरलेलं त्यांनी दिलं. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मावशी पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांना सून माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आली. तक्रार अशी, की दीड वर्ष झालं, मावशी प्रभुभोजन (येशूच्या मरणाच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षरस) घेत नाहीत. भाकरीचं ताट रांगेतून फिरत येतं, त्या दोन्ही हातांनी ते धरतात आणि शेजारणीकडे देतात. द्राक्षरसाचंही तेच. देवळात येतात, गीतं म्हणतात, शनिवारी फरशी पुसायलाही येतात. फक्त तेवढं नाही.

दीड वर्षापूर्वी तिघं जण वस्तीवर आले होते. मालक रानात. एकाने पोटुशी सुनेच्या गळ्याला सुरा लावला आणि डाग मागितले. मावशी आतल्या खोलीत होत्या. अंधारात हाताला पाट्यावरचा वरवंटा लागला. एकच घाव. दोघं पळाले. ज्याला लागला तो तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. पंचनामा झाला, वरवंटा मुद्देमाल म्हणून गेला, वर्षभर चकरा झाल्या आणि शेवटी स्वतःच्या व घरच्यांच्या बचावासाठी केलेलं कृत्य म्हणून मावशी मोकळ्या झाल्या.

त्या रात्रीनंतर थोड्याच दिवसांत मंडळीने महिला सभेत त्यांना शाल घातली होती. कोणीतरी भाषणात त्यांना "आमची याएल" म्हणालं. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकात सीसरा नावाच्या सेनापतीच्या कानशिलात तंबूची मेख ठोकणारी ती याएल. मावशींनी शाल घरी नेली, पेटीत सगळ्यात खाली ठेवली, आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ताट पुढे दिलं.

पहिल्या भेटीत मी त्यांना जे सांगितलं ते चुकीचं नव्हतं. प्रश्न विचारणाऱ्या बाकीच्यांना त्याची गरज आहे, म्हणून ते आधी सांगते.

निर्गमाच्या 22व्या अध्यायात सरळ लिहिलं आहे. चोर रात्री घर फोडताना सापडला आणि मार लागून मेला, तर मारणाऱ्यावर रक्ताचा दोष नाही. पण सूर्य उगवल्यावर असं झालं तर दोष आहे. अंधारात समोरचा कशाला आलाय, त्याच्या हातात काय आहे, हे कळत नाही. उजेडात कळतं, हाक मारता येते, शेजारी धावून येतात. मला नवल वाटतं ते याचं, की आपल्या आजच्या कायद्यातही हाच सूर्य आहे. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या 41व्या कलमात, मालमत्तेच्या बचावात प्राण घेण्याइतका हक्क कधी पोहोचतो ते सांगताना सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेल्या घरफोडीचा उल्लेख आहे. आणि 37वं कलम बजावतं, की बचावाला जेवढी इजा लागते त्याहून जास्त करण्याचा हक्क कोणालाच नाही. चोर पळत सुटल्यावर त्याच्या पाठीत कोयता घालणं बचावात बसत नाही, शास्त्रातही नाही आणि कायद्यातही नाही.

मग दुसऱ्या गालाचं काय? मत्तयात येशू "उजव्या गालावर" म्हणतो. उजव्या हाताने उजव्या गालावर मारायचं तर पंजाची मागची बाजू लागते. ती अपमानाची चापट असते, असं पुष्कळ अभ्यासक सांगतात. मी ती शिकवण हलकी करत नाही. स्वतःच्या अपमानाचा, स्वतःच्या नुकसानीचा सूड न घेणं हे ख्रिस्ती माणसाचं रोजचं काम आहे, आणि मला ते साठीला आलं तरी जमत नाही. पण गाल माझा आहे म्हणून मी तो पुढे करू शकते. सुनेचा गळा पुढे करायचा हक्क मला कोणी दिला?

चर्चच्या इतिहासात यावर एकमत कधीच नव्हतं, हेही लोकांना सांगावं लागतं. चौथ्या शतकातला बिशप आंब्रोज म्हणायचा, शहाण्या ख्रिस्ती माणसाने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी दरोडेखोरावरही उलटा वार करू नये. त्याचा शिष्य ऑगस्टीन याने एका पत्रात लिहिलं, की सैनिक किंवा अधिकारी म्हणून दुसऱ्यांच्या रक्षणासाठी मारणं वेगळं, पण खासगी माणसाने स्वतःसाठी मारावं हे मला पटत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने वाट काढली. एकाच कृतीचे दोन परिणाम होतात, माझा जीव वाचतो आणि समोरच्याचा जातो. हेतू पहिलाच असेल आणि बळ गरजेपुरतंच वापरलं असेल, तर ते पाप नव्हे. कॅथलिक धर्मशिक्षण आजही याच वाटेने जातं, आणि ज्याच्यावर इतरांची जबाबदारी आहे त्याला बचाव करणं हे गंभीर कर्तव्य ठरू शकतं, असं म्हणतं. प्रॉटेस्टंटांच्या 1647 च्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीतही गरजेच्या बचावाला 'खून करू नको' या सहाव्या आज्ञेतून सूट आहे.

याउलट मेनोनाइट आणि क्वेकर, कोणत्याही कारणाने शस्त्र न उचलणारे ख्रिस्ती पंथ. 1569 मध्ये हॉलंडमध्ये मेनोनाइटांच्याच परंपरेतला डर्क विलेम्स नावाचा बंदी पळत होता. मागचा शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला. डर्क परत फिरला, त्याला बाहेर काढलं, पकडला गेला आणि जिवंत जाळला गेला. मी स्वतः अक्वायनसच्या बाजूची आहे. तरी डर्कची गोष्ट सांगताना माझा आवाज दर वेळी कापतो, आणि त्या लोकांना भित्रं म्हणणाऱ्याला मी तिथेच थांबवते.

हे सगळं मी मावशींना तासभर सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. उठताना म्हणाल्या, "पाळकसाहेबांनी पण हेच सांगितलं. वकिलांनी पण. म्हणजे मी निर्दोष."

"हो मावशी."

"बरं," म्हणाल्या, आणि पुढच्या रविवारी पुन्हा ताट पुढे दिलं.

समुपदेशनाचं माझं शिक्षण अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर झालं. घटना आपल्याला जेवढी छळत नाही, तेवढा त्या घटनेबद्दलचा आपला हट्ट छळतो. "मी असं करायलाच नको होतं" या वाक्यातला तो 'च' शोधायचा आणि सैल करायचा. तेवीस वर्षं मी असे 'च' सैल करत आले आहे, आणि ते काम मला चांगलं जमतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मी मावशींचा 'च' शोधत राहिले. शेवटी सरळच विचारलं, "मावशी, तीच रात्र पुन्हा आली तर काय कराल?"

त्या एक क्षणही थांबल्या नाहीत. "पुन्हा मारीन."

"मग पस्तावा कशाचा?"

"पस्तावा नाही, ताई. तो मेला ना."

मी गप्प बसले. त्यांच्यात 'च' नव्हताच. मी आणि मंडळी, पाळक, वकील, सगळेच एका प्रश्नाचं उत्तर देत होतो, आणि तो प्रश्न त्यांनी विचारलेलाच नव्हता. "मी दोषी आहे का?" असं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या. ते आमच्या मनात होतं.

मग मी दीड वर्षात कोणीच न विचारलेलं विचारलं. "तो कसा होता हो?"

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "कोवळा होता. मिशी नीट फुटली नव्हती. हातात लाल दोरा होता, नवा. पडताना 'आई गं' म्हणाला." बराच वेळ गेला. "ताई, त्या खोलीत आई मीच होते."

त्या दिवशी त्या रडल्या. माझ्या टेबलावर डोकं ठेवून, आवाज करून रडल्या. सून दारात आली तर मी हाताने थांबवलं.

पुढच्या भेटीला मी दोन गोष्टी घेऊन गेले. एक दाविदाची. मंदिर बांधायची त्याची फार इच्छा, पण देव त्याला म्हणतो, तू फार रक्त वाहिलंस, मंदिर तू बांधू नकोस. त्याच्या लढाया देवाला नामंजूर होत्या असं तिथे म्हटलेलं नाही, तरी त्या हातांना ते काम दिलं गेलं नाही. दुसरी गोष्ट कैसरियाचा बिशप बसिल याची, चौथ्या शतकातलीच. युद्धात शत्रूला मारणाऱ्या सैनिकाला आपले वाडवडील खुनी मानत नव्हते, असं तो लिहितो. पण पुढे सुचवतो, की त्यांचे हात स्वच्छ नाहीत, तेव्हा त्यांनी तीन वर्षं प्रभुभोजनापासून दूर राहिलेलं बरं. ते सैनिकांबद्दल होतं, हे मी मावशींना स्पष्ट सांगितलं, आणि आपल्या मंडळीत असा नियम नाही हेही.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "खुनी नाही, पण तीन वर्षं लांब."

"हो."

"म्हणजे सुतकच की."

तो शब्द मला सुचला नसता. आम्ही ख्रिस्ती सुतक पाळत नाही. पण वस्तीच्या आजूबाजूला सगळी घरं पाळतात, शब्द अंगवळणी आहे. सुतक कोणी पाप केलं म्हणून लागत नाही. घरातलं माणूस गेलं म्हणून लागतं, त्याचे दिवस मोजलेले असतात आणि ते फिटतं. मावशी म्हणाल्या, "ज्याच्या मरणाला मी कारण, त्याचं मला नको का लागायला? शाल घालून लोकांनी ते धरूच दिलं नाही."

मग बोटांवर मोजलं. "दीड वर्ष झालंय. अजून दीड."

पाळकसाहेबांना हे पटवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. ख्रिस्ताने दंड भरला, माणसाने आपल्यावर मुदत का लादावी? मी म्हटलं, साहेब, दंड फेडायची भाषा मावशी करतच नाहीत. त्या दुखवटा पाळताहेत. साहेबांनी शेवटी एवढं केलं, की ताट मावशींच्या रांगेत आलं की तिथे क्षणभर थांबून त्या मुलासाठी मनात प्रार्थना करायची. नाव माहीत आहे, घेत नाहीत. तो कोणत्या समाजाचा होता हे मला पुष्कळांनी विचारलं. मी कोणालाच सांगितलं नाही आणि इथेही लिहिणार नाही.

तर कोयता उशाला घेऊन झोपणाऱ्या माझ्या भावांनो, तुमच्यासाठी. आधी दार नीट करा, बाहेर दिवा लावा, शेजारच्या वस्तीशी ठरवून ठेवा की अमुक हाक आली की निघायचं, 112 नंबर घरातल्या लहान पोरालाही पाठ असू द्या. 30 जानेवारी 1956 रोजी अमेरिकेतल्या माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला तेव्हा आत बायको आणि तान्ही मुलगी होती. त्यांनीही बंदुकीचा परवाना मागितला होता, तो नाकारला गेला. पुढे त्यांनी घरातली हत्यारं काढून टाकली, आणि नंतर लिहिलं की घरात बंदूक होती तेव्हाच भीती जास्त वाटायची. तुमचा कोयता तुम्हाला झोप देत नसेल, तर तो आधी उशाखालून काढून कोपऱ्यात ठेवा. तेवढ्यानेही झोपेत फरक पडलेला मी पाहिला आहे.

आणि तरीही ती रात्र आलीच, आणि घरच्यांना वाचवण्यासाठी दुसरा मार्ग नसला, तर वाचवा. तो हक्क तुम्हाला आहे, माझ्या मते ती जबाबदारीही आहे. पण त्याआधी मनात त्याची उजळणी करत बसू नका. तरुण संघातली मुलं जेव्हा "येऊ दे, दाखवतो" म्हणतात तेव्हा मला चोरापेक्षा त्यांचीच काळजी वाटते.

ज्यांच्या मंडळीत असं कोणाच्या हातून घडलंय, त्यांना माझं सांगणं कडक आहे. सत्कार करू नका. पहिल्या दिवशी वचनं वाचून दाखवू नका. डबा घेऊन जा, कोर्टाच्या तारखेला सोबत जा, आणि तो माणूस मेलेल्याबद्दल बोलायला लागला तर विषय बदलू नका. "त्याची तीच लायकी होती" हे वाक्य तर अजिबात नको. ऐकणाऱ्याला ते आधार वाटेल असं आपल्याला वाटतं. मावशींना ते सगळ्यात जास्त लागलं होतं.

गेल्या महिन्यात मी वस्तीवर गेले होते. नातू अंगणात कोंबड्यांमागे पळत होता. आतल्या खोलीत पाटा भिंतीला उभा, वरवंट्याशिवाय, इतके दिवस तसाच. चटणी मिक्सरवर. मावशींनी चहा दिला आणि सहज सांगावं तसं म्हणाल्या, "परवा टाकीवाली बाई आली होती. पाट्याला टाकी लावून घेतली."

"आणि वरवंटा?"

"तिच्याकडे एक होता, पण मी नाही घेतला. नाताळाला तीन वर्षं होतात. तेव्हा घेऊ."