कॅम्पला जायचंय, पण रात्री अंथरूण ओलं होतं

थंडीत स्काऊटचे कॅम्प सुरू झाले की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो, आणि आया तो दार नीट लागलंय का बघून मगच विचारतात. मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला तरी झोपेत लघवी होते, मग चार पोरांबरोबर तंबूत झोपवायचं कसं?

बेळगावात शहापूरची एक आई अशीच आली होती (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). मुलगा आठ वर्षांचा, शाळेच्या कब पथकात (स्काऊटमधला लहान मुलांचा गट), आणि जांबोटीकडे दोन रात्रींचा फॅमिली कॅम्प ठरलेला. टॉर्च झाली, स्वेटर कानटोपी झाली, चिवडा लाडू पण झाले, फक्त या एका गोष्टीवर घरात कुणी बोलायचं नाही. वडिलांनी एवढंच सांगितलेलं, "कॅम्पला जायचं असेल तर आधी ते बंद कर." आता झोपेत होणारी गोष्ट पोरगं बंद कसं करणार सांगा की! त्याने त्याच्या परीने उपाय काढला, दिवसभर पाणीच प्यायचं नाही, शाळेतनं बाटली भरलेली तशी परत. त्याने उलट बद्धकोष्ठ होतं आणि त्रास वाढतो.

सात वर्षांच्या शंभर मुलांत साधारण 5 ते 10 जणांना हे असतं, मुलग्यांत जास्त. काहींची झोप इतकी गाढ की भरलेलं मूत्राशय त्यांना उठवत नाही, काहींची रात्रीची लघवीच जास्त तयार होते. दरवर्षी यातल्या साधारण 15 टक्के मुलांचं आपोआप थांबतं. आळस नाही, मस्ती नाही, आणि हे घराण्यातनं पण येतं.

हे शेवटचं मी म्हटलं तशी सोबत आलेली आज्जी पटकन बोलली, "ह्याचा बाप धा वर्साचा होईस्तवर भिजवत होता की, रोज वाकळ धुऊन धुऊन माझे हात गेले." पोरगं आज्जीकडे बघतच राहिलं. पुढच्या वेळी मी वडिलांना बोलावलं आणि तेच त्यांनी स्वतःच्या तोंडानं मुलाला सांगितलं, त्यांना जड गेलं पण सांगितलं. मला विचाराल तर निम्मी तयारी तिथंच झाली.

बाकीची घरात करायची होती. पाणी सकाळपासनं दुपारपर्यंत भरपूर, झोपायच्या आधी दोन तास कमी, संध्याकाळचा चहा बंद, झोपताना बाथरूम. दोन-तीन रात्री गच्चीवर स्लीपिंग बॅगमध्ये झोपून बघितलं, खाली मेणकापड, पायाशी काळ्या पिशवीत सुकी चड्डी-पँट, आणि अंधारात टॉर्च न लावता बदलायची प्रॅक्टिस. हे त्याला फार आवडलं. कब मास्टरना आईने आधीच फोन करून सांगितलं, पण मुलाला विचारून, हे महत्त्वाचं, त्याच्या पाठीमागे नाही. फॅमिली कॅम्प असल्याने तंबूत शेजारी बाबाच झोपणार होते, त्यांनी अकराच्या सुमारास एकदा उठवून न्यायचं ठरलं. अशा उठवण्याने सवय जात नाही पण एक-दोन रात्री निभावतात.

पहिली रात्र कोरडी गेली. दुसऱ्या रात्री थंडी जास्त होती, थंडीत लघवी जास्त होते, त्यात कॅम्पफायरला सगळ्यांबरोबर चहा झालेला, आणि पहाटे झालं. त्याने बाबांना हलवलं, कपडे बदलले, ओले पिशवीत टाकले, परत झोपला. कुणाला काही कळलं नाही. अजून अधूनमधून होतं त्याचं, पण पाण्याची बाटली आता रिकामी होऊन येते.

मात्र सहा महिने किंवा जास्त कोरडं राहणारं मूल अचानक परत भिजवायला लागलं, लघवीला जळजळ असेल, किंवा खूप तहान लागून वजन उतरत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, त्यात लघवीचं इन्फेक्शन किंवा मधुमेह पण असू शकतो. तेव्हा कॅम्पची तारीख बघत बसू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.