वाचकांचे प्रश्न : संकेतस्थळावर पैसे कसे घ्यावेत?

प्रश्न : वसमत येथे आमचा हळद पूड आणि डाळींचा घरगुती व्यवसाय आहे. मुलाने संकेतस्थळ तयार करून त्यावर आमच्या खात्याच्या क्यूआर कोडचे चित्र लावले आहे. ग्राहक पैसे भरून व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवतात आणि रात्री आम्ही ते वहीतील ऑर्डरींशी ताडून पाहतो. बहुतेक ऑर्डरी ६०० रुपयांच्या आसपास असतात. पेमेंट गेटवे (संकेतस्थळावर ग्राहकाचे पैसे घेऊन ते आपल्या खात्यात जमा करणारी सेवा) घ्यावा, असे मुलाचे म्हणणे आहे. त्याचे वडील मात्र गेटवेच्या शुल्कापोटी दोन टक्के फुकट घालवायला तयार नाहीत. काय करावे?
— एक वाचक भगिनी, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : वाद दोन टक्क्यांवर अडला आहे, म्हणून आधी तोच हिशेब पाहू. ६०० रुपयांवर २ टक्के शुल्क म्हणजे १२ रुपये आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २ रुपये १६ पैसे; आपल्या खात्यात ५८५ रुपये ८४ पैसे जमा होतील. बँक खात्यातून केलेल्या यूपीआय व्यवहारांवरील एमडीआर, म्हणजे व्यापाऱ्याकडून कापले जाणारे शुल्क, जानेवारी २०२० पासून शून्य करण्यात आले असले, तरी काही गेटवे कंपन्या प्लॅटफॉर्म फी म्हणून यूपीआयवरही आकारणी करतात. त्यामुळे यूपीआय, डेबिट कार्ड आणि क्रेडिट कार्ड यांचे दर वेगवेगळे आणि लेखी मागून घ्यावेत. ‘साधारण दोन टक्के’ या तोंडी उत्तरावर सही करू नये.

हे १४ रुपये कशासाठी द्यायचे, हे मात्र घरात समजावून सांगावे लागेल. आपण लावलेल्या कोडमध्ये फक्त आपल्या खात्याची ओळख असते, रक्कम किंवा ऑर्डर क्रमांक नसतो. ग्राहक रक्कम हाताने भरतो आणि ६९५ च्या जागी ५९५ भरले गेले, तरी ते रात्री वही उघडेपर्यंत कळत नाही. शिवाय जो ग्राहक मोबाइलवर खरेदी करतो, त्याने त्याच पडद्यावरचा कोड स्कॅन करायचा कसा? चित्र गॅलरीत साठवून पुन्हा यूपीआय ॲपमध्ये उघडण्याची खटपट करण्याऐवजी अनेक जण खरेदीच सोडून देतात. स्क्रीनशॉटबद्दल तर स्पष्टच सांगायला हवे, की तो काही मिनिटांत बनावट तयार करता येतो आणि खात्यात जमा झालेली नोंद सोडून दुसरा कोणताही पुरावा ग्राह्य धरू नये.

गेटवेमध्ये रक्कम आणि ऑर्डर क्रमांक व्यवहाराबरोबरच जातात. मोबाइलवर बटण दाबताच यूपीआय ॲप रक्कम भरलेल्या स्थितीत उघडते. संगणकावर प्रत्येक ऑर्डरचा स्वतंत्र कोड दिसतो. पैसे जमा झाल्याची सूचना गेटवेचा सर्व्हर थेट आपल्या संकेतस्थळाला देतो, तिला वेबहुक म्हणतात. मुलाने ही जोडणी केली आहे का, हे आवर्जून विचारा, कारण ती नसेल तर ग्राहकाने मध्येच ब्राउझर बंद केल्यावर पैसे जमा होऊनही ऑर्डर अपूर्ण दिसते आणि फोन सुरू होतात. अशा वेळी ग्राहकाला पुन्हा पैसे भरायला सांगण्यापूर्वी गेटवेच्या खात्यातील नोंद पाहावी. यूपीआयने पैसे कापले गेले, पण व्यापाऱ्याला खातरजमा मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत गेली पाहिजे आणि पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे.

रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीअव्हेन्यू ही परिचित नावे आहेत. तरी कंपनी कोणतीही असो, पेमेंट ॲग्रीगेटर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या वतीने ग्राहकांचे पैसे गोळा करणारी कंपनी, म्हणून तिला परवानगी आहे की नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत पाहूनच पुढे जावे. अर्जासाठी पॅन, त्याच नावाचे बँक खाते, खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी आणि बहुधा उद्यम, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचे, प्रमाणपत्र लागेल. उद्यम नोंदणी निःशुल्क असते, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. संकेतस्थळावर संपर्क, परतावा, वितरण आणि गोपनीयता यांची पाने नसतील तर अर्ज अडकतो. एखाद्या ग्राहकाला पैसे परत केले, तरी कापलेले शुल्क बहुधा परत मिळत नाही, तेही आधी विचारावे.

दुकानातील गल्ल्यावर सध्याचा कोड खुशाल राहू द्यावा. पार्सल पोचल्यावर रोख घेण्याची सोयही एकदम बंद करू नये. मात्र पार्सल परत आले तर दोन्ही बाजूंचे कुरिअर भाडे आपल्याच माथी बसते, म्हणून ती ओळखीच्या ग्राहकांपुरती आणि लहान रकमेपुरती ठेवावी.

प्रश्न : पैठण येथे आम्ही पैठणी विणतो. अमेरिकेतील ग्राहकाला ३५ हजारांची साडी हवी आहे. कार्डाने पैसे घेणे योग्य होईल का?
— एक विणकर, पैठण

उत्तर : परदेशी कार्डांसाठी गेटवेची वेगळी मंजुरी लागते, शुल्कही देशी कार्डापेक्षा जास्त असते. शुल्कापेक्षा धोका चार्जबॅकचा अधिक आहे : ग्राहकाने आपल्या बँकेकडे तक्रार केली, तर साडी गेल्यानंतरही रक्कम काढून घेतली जाऊ शकते. एखाद-दुसऱ्या साडीसाठी इनव्हॉइस पाठवून रक्कम थेट बँकेमार्फत चालू खात्यात मागवावी आणि ती जमा झाल्यावरच पार्सल रवाना करावे. ग्राहक अनिवासी भारतीय असून त्याचे एनआरई किंवा एनआरओ खाते (अनिवासी भारतीयांचे भारतातील बँक खाते) यूपीआयला जोडलेले असेल, तर तो रुपयांतही पैसे भरू शकेल. माल निर्यात होणार असल्याने विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठीचा क्रमांक, घ्यावा. पार्सल विम्यासह पाठवून पोचपावती जपून ठेवावी. पुढे कार्डाने पैसे घेऊ लागल्यावर वाद उद्भवला, तर बँक प्रथम तीच मागते.