पिल्लू कुणाचं ते नंतर. रात्री उठतं कोण ते आधी सांग

*मावशी, नमस्कार.*

*आम्ही बरीच वर्षं अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनियापोलिसजवळ राहतो. मी, नवरा, १२ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा. यंदा माझी आई ऑक्टोबरपासून आमच्याकडे आहे, मार्चअखेर परत जाईल. नाताळच्या आदल्या रात्री झकास बर्फ पडला. सकाळी मुलं झाडाखालच्या भेटी उघडत होती, तेवढ्यात नवरा गॅरेजमधून एक मोठं खोकं घेऊन आला. आत ८ आठवड्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू! मुलं आनंदाने रडायला लागली. मी सोडून सगळ्यांचा स्वप्नातला नाताळ झाला.*

*मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. उलट कुत्रा घ्यायचा नाही असं गेल्या वर्षी आमचं स्पष्ट ठरलं होतं. मी पूर्ण वेळ नोकरी करते. आता डॉक्टरची अपॉइंटमेंट, खाणं, कुरतडलेले बूट, गालिच्यावरचे डाग, सगळं माझ्या डोक्यावर. काही बोललं की नवरा म्हणतो, "मुलांचा आनंद बघवत नाही तुला." मुलंही माझ्याकडे खलनायिकेसारखी बघतात. आई आहे म्हणून कसंबसं चाललंय. पिल्लाचा क्रेट, म्हणजे झोपायचा जाळीचा पिंजरा, खाली बेसमेंटमध्ये तिच्याच खोलीत ठेवलाय, तिची झोप तशीही कमी आहे. परवा डोअरबेलच्या कॅमेऱ्यात रात्री २.४० ची क्लिप सापडली. गाऊनवर ह्याचं पायघोळ जॅकेट घालून आई पिल्लाला घेऊन दारात उभी, अगदी अंतराळवीर! फॅमिली ग्रुपवर सगळे पोट धरून हसले.*

*पण मूळ प्रश्न असा की, मला न विचारता एवढा मोठा निर्णय घेणाऱ्याला धडा कसा शिकवू? पिल्लू परत करायला लावलं तर चूक ठरेल का?*

*– एक वाचक*

अगं,

नवऱ्याचं चुकलं. हे आधी लिहून मोकळी होते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. ठरलेलं मोडायचं, मुलांसमोर खोक्यातून जिवंत प्राणी काढायचा आणि मग बायकोने तोंड वाकडं केलं की तिलाच आनंद बघवत नाही म्हणायचं, ही चलाखी आहे. पण यावर मी आणखी काही लिहिणार नाही. तुझ्या पत्रात ते पुरेसं आलंय, आणि तुझ्या घरात तर त्याहून जास्त येत असणार.

मला त्या क्लिपबद्दल बोलायचं आहे. तू ती गंमत म्हणून लिहिलीस. मला काही हसू आलं नाही.

रात्रीचे २.४०, मिनेसोटातला ऐन हिवाळा. जानेवारीत तुमच्याकडे रात्रीचं तापमान सरासरीच उणे १३ सेल्सियसच्या आसपास असतं, आणि उणे २५ ची रात्र आली तरी तिथलं कुणी दचकत नाही. उणे १८ अंश आणि ताशी २४ किलोमीटरचा वारा असला तर उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो, असं तिथलं हवामान खातं सांगतं. आई अर्धा तास उभी नसेल, पाच-सात मिनिटं असेल. पण गाऊनवर.

त्या पाच-सात मिनिटांच्या आधीचं आणि नंतरचं कॅमेऱ्यात येत नाही. ते मी सांगते. पिल्लू कुईकुई करायला लागतं. आई उठून चष्मा शोधते, गुडघे हलते होईपर्यंत पलंगाच्या कडेला बसते, मोजे चढवते. एवढ्याशा पिल्लाला जिना चढता येत नाही. म्हणून चार-पाच किलोचा वळवळणारा जीव एका हातात आणि दुसरा हात कठड्याला, अशी ती बेसमेंटमधून वर येते. वरचा दिवा लावत नाही, कारण तुम्ही झोपलेले असता. अंधारात खुंटीवर हाताला लागेल ते जॅकेट चढवते, ते जावयाचं निघतं. मग बूट, पट्टा, दार. बाहेर गेल्यावर पिल्लू लगेच बसत नाही. आधी बर्फ हुंगतं, मग बर्फ खातं, मग तिच्या गाऊनची कड दातात धरतं. एकदाचं काम उरकलं की तिथल्या तिथे त्याला शाबासकी द्यायची, नाहीतर ते शिकत नाही. मग हे सगळं उलट्या क्रमाने: पंजे पुसायचे, बूट काढायचे, जिना उतरायचा, क्रेटमध्ये ठेवायचं, आणि ते गप्प होईपर्यंत जाळीतून बोटं आत घालून बसायचं. सव्वातीन सहज वाजतात.

आणि हे रात्रीतून एकदा नाही हं. या वयाच्या पिल्लाला लघवी फार तर दोन-तीन तास धरवते. म्हणजे तुम्ही आठ तास झोपलात, तर तेवढ्यात कुणीतरी दोनदा, कधी तीनदा उठलेलं असतं. तुम्हाला क्लिप एक सापडली, कारण तुम्ही एकच पाहिलीत. बाकीच्या त्याच ॲपमध्ये असतील. नवऱ्याला शेजारी बसव आणि २५ डिसेंबरपासूनच्या सगळ्या रात्री बघा. ग्रुपवर टाकू नका.

बाई गं, तुझ्या पत्रात मुलीचं वय आहे, मुलाचं आहे, पिल्लाचं तर आठवड्यांत मोजून दिलेलं आहे. आईचं नाही. तू चाळिशीच्या आसपासची असशील, तेव्हा आई पासष्टीच्या पुढची, कदाचित सत्तरीला टेकलेली. या वयाच्या बाईची झोप कमी असेल, तर जी उरली आहे ती जपायची, की तीही घेऊन पिल्लाला द्यायची?

तुला विचारलं नाही म्हणून तू पेटली आहेस. आईला कुणी विचारलं होतं? क्रेट तिच्या खोलीत न्यायचं कुणाच्या डोक्यात आलं ते तू लिहिलेलं नाहीस. मला वाटतं दोघांच्याही. नाताळपासून तुमचं प्रत्येक गोष्टीवर वाजतंय, पण या एका बाबतीत भांडण झाल्याचं काही दिसत नाही.

आईच म्हणाली असेल, "असू दे गं माझ्याकडे, मला कुठे सकाळी जायचंय." म्हणणारच. लेकीच्या घरचं पाणीही न पिणारे आईबाप आपल्याकडे होते. ती रीत गेली ते उत्तम झालं, पण मनातला संकोच एका पिढीत जात नाही. सहा महिने जावयाच्या घरी राहायचं, गाडी चालवता येत नाही, बर्फामुळे एकटीने कोपऱ्यापर्यंतही जाता येत नाही, डिसेंबरअखेर साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी पावणेआठपर्यंत उगवत नाही. अशा घरात बाई स्वतःची काहीतरी सोय करून घेते. कुणी पोळ्यांचा ताबा घेते, कुणी धुतलेल्या कपड्यांच्या घड्यांचा. तुझ्या आईच्या वाट्याला रात्रपाळी आली. तिला पिल्लाचा लळाही लागला असेल. लागू दे की! दुपारी उन्हाच्या तिरिपेत त्याला मांडीवर घेऊन बसू दे, मराठीतून रागवू दे. रात्री दोनला उठायला लळा लागावा लागत नाही, दुसरं कुणी उठत नाही एवढं पुरतं.

आता थोडं कोरडं बोलते. दारापुढच्या पायरीवरचा बर्फ दुपारी उन्हाने वितळतो आणि रात्री त्याचा काचेसारखा पातळ थर होतो. अंधारात ती पायरी नुसती ओली वाटते. त्यावर मोठ्या मापाचे बूट, हातात पट्टा, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला हिसके देणारं लॅब्राडोर. आज ते पाच किलोचं असेल, मार्चपर्यंत पंधराच्या वर जाईल. पाहुण्या म्हणून आलेल्या आईला तिथलं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मिळत नाही. तिच्यासाठी जो प्रवासविमा काढला असेल त्याचे कागद आज काढून वाच. अशा विम्यांत जुनी दुखणी बहुधा वगळलेली असतात आणि बाकीच्या खर्चालाही मर्यादा असते. खुब्याचं हाड मोडलं तर काय होईल, याचा हिशेब तुम्हा दोघांना माझ्यापेक्षा चांगला जमेल.

तर ऐक. तुला एकच काम सांगते. आज रात्री क्रेट वर आण, तुमच्या बेडरूममध्ये. पहिला आठवडा नवऱ्याच्या बाजूला, कारण पिल्लू त्याने आणलं. पुढचा आठवडा तुझ्या बाजूला. तू का, असं विचारशील. क्रेट खाली जात होता तेव्हा तू जिन्यातून बाजूला झालीस म्हणून.

आईला विचारत बसू नकोस. हो, पुन्हा न विचारताच. पण काम लादायला आणि काम काढून घ्यायला एकच नियम नसतो. विचारलंस की ती नको म्हणेल. वर "त्यांना सकाळी ऑफिस असतं गं" हे वाक्य येणारच. त्यांना ऑफिस आहे आणि पिल्लूही त्यांचंच आहे, एवढं सांग आणि क्रेट उचल. वाद घालू नकोस. पहिले दोन दिवस ती सवयीने रात्री उठून जिन्यात येईल. तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी बूट चढवून आधीच दारात असलेलं तिला दिसायला हवं.

पिल्लू परत पाठवण्याचं विचारलंस. भेट म्हणून आलेली कुत्रीमांजरं लोक लवकर टाकतात असा समज आहे. अमेरिकेतल्याच एएसपीसीए या प्राणिसंस्थेच्या पाहणीत मात्र तसं आढळलं नाही. बहुतेक घरांनी ती सांभाळली होती. तेव्हा नाताळचं पिल्लू म्हणजे फसलेलंच प्रकरण, असं मी म्हणणार नाही. लॅब्राडोर साधारण १२ वर्षं जगतो. तुझी मुलगी २४ ची होईपर्यंत. एवढ्या काळाचा निर्णय दोघांनी बसून घ्यायचा असतो आणि तो आज तुम्हाला घेता येणार नाही, कारण पिल्लू सांभाळणं म्हणजे काय हे अजून दोघांनाही माहीत नाही. ते फक्त आईला माहीत आहे. पंधरा दिवस रात्री तुम्ही उठा, मग ठरवा. तेव्हाही नको वाटलं तर ज्याच्याकडून आणलं त्याच्याशी सरळ बोला, तसं केल्याने कुणी वाईट ठरत नाही. पण नवऱ्याला धडा शिकवायला म्हणून पाठवशील, तर धडा तुझा आठ वर्षांचा मुलगा शिकेल. नवरा आठवडाभर फुगून बसेल आणि विसरेल.

एकच काम सांगते म्हटलं होतं, पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. आई ऑक्टोबरपासून तुमच्याकडे आहे ना? तिच्या मापाचं जॅकेट आणि बूट कुठे आहेत? असतील तर जिन्याजवळच्या खुंटीवर का नाहीत? नसतील तर हे पत्र वाचून होताच दुकानात जा. तिला बरोबर घेऊन जा, रंग तिला निवडू दे. नातवंडांबरोबर दिवसाउजेडी बर्फात उतरायला ते लागेल. तुमच्याकडे दहातले सात नाताळ पांढरेच असतात आणि एप्रिलमध्येही बर्फ पडतो, म्हणजे परतीच्या तिकिटापर्यंत तिचा सगळा मुक्काम हिवाळ्यातच जाणार आहे.

तुझी,
मावशी

ता.क. पायरीवर मीठ टाकलंय म्हणून निर्धास्त राहू नका. साधं मीठ साधारण उणे ९ अंशांच्या खाली बर्फ वितळवत नाही, आणि पिल्लाच्या पंजांना झोंबतं ते वेगळंच. पाय ठरायला वाळू पसरायची. वाळूची पिशवी गॅरेजमध्ये मावते, आणायला नवऱ्याला पाठव.