पान ताजं असेल तरच लेझर लाव

लेसी (LAESI, म्हणजे लेझरने नमुन्याचे कण उडवून, त्यांचे आयन करून, ते वस्तुमानावरून ओळखायची पद्धत) शिकायला घेतली आहेस, तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव: इथे सगळं काम पाणी करतं. २.९४ मायक्रोमीटरचा अवरक्त लेझर शोषून घेतं ते पानातलं पाणीच. ते क्षणात उसळतं, आणि उडालेले कण इलेक्ट्रोस्प्रेच्या, म्हणजे विजेच्या दाबाने उडवलेल्या बारीक फवाऱ्याच्या, विद्युतभारित थेंबांत मिसळून त्यांचे आयन होतात. पीटर नेमेस आणि आकोश व्हर्टेस यांनी २००७ मध्ये मांडलेली ही पद्धत म्हणूनच वेगळं मॅट्रिक्स (लेझर शोषायला नमुन्यावर वरून लावायचा पदार्थ) मागत नाही. पण नमुना ताजा हवा. मी एकदा सकाळी तोडलेलं कढीपत्त्याचं पान दुपारी लावलं. कडा आत वळल्या होत्या. छिद्रं व्यवस्थित पडली, सिग्नल मात्र जवळजवळ नाहीच. अर्धा दिवस मी यंत्रातच दोष शोधत बसले. आता डहाळी ओल्या टिश्यूत गुंडाळून आणते, पान अगदी लावायच्या वेळी तोडते.

लेझरची घाई नको. आधी स्प्रे स्थिर होऊ दे, नुसत्या स्प्रेचा स्पेक्ट्रम (कुठल्या वस्तुमानाचे आयन किती, याचा आलेख) पाचेक मिनिटं नोंदव, त्यातली शिखरं ओळखीची झाली की मगच पहिला पल्स. आणि लेझरपासून डोळे वाचवणाऱ्या चष्म्यावरची तरंगलांबी रोज वाचून मगच तो घाल. हा किरण दिसत नाही, म्हणून मुलं तो हलक्यात घेतात, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते.