पुण्याच्या तांबट आळीतलं तांबं मुळात येतं कुठून? आसपास तांब्याची खाण होती का?

नाही. पुण्याखाली सगळा काळा बेसाल्ट. वाड्यांची जोती बांधायला तो उत्तम, पण तांबं त्यातून निघत नाही.

मी कसब्यातल्या तांबट आळीतला, तांब्याची भांडी घडवणारा त्वष्टा कासार. पेशव्यांच्या काळात आमचे लोक कोकणातून इथे आले. तेव्हा हिंदुस्थानात डच जहाजांतून जपानचं तांबं यायचं. शिवाय घरोघरची फुटकी भांडी वितळवून पुन्हा घडवायची, ती मोड. आपण एखादी वस्तू 'मोडीत घालतो', ती हीच मोड.

देशातल्या तांब्याचं म्हणाल तर राजस्थानातलं खेत्री आणि बालाघाटजवळचं मलाजखंड ही नावं बऱ्याच जणांना ठाऊक असतात. मला मात्र झारखंडमधल्या मोसाबोनीबद्दल सांगायचंय. तिथल्या डोंगरांत फार पूर्वीच्या खोदकामाच्या आणि धातू वितळवल्यावर उरणाऱ्या मळीच्या ढिगांच्या खुणा आहेत, म्हणजे इंग्रज येण्याआधीच तिथले लोक तांबं काढत होते. पुढे इंडियन कॉपर कॉर्पोरेशन ही इंग्रजी कंपनी आली. 1930 च्या सुमारास घाटशिलाजवळ मऊभंडारला, सुवर्णरेखेच्या काठी भट्ट्या पेटल्या. आजूबाजूच्या संथाळ गावांतली माणसं शेत सोडून जमिनीखाली उतरली. खाणीतला दगड रोपवेच्या पाळण्यांतून भट्टीकडे जायचा. 1972 मध्ये हे सगळं सरकारी हिंदुस्तान कॉपरकडे आलं. 1990 नंतर एकेक खाण बंद होत गेली आणि पगारावर उभं राहिलेलं गाव रिकामं होऊ लागलं. आमच्याकडे गिझर आले आणि बंबांच्या ऑर्डरी थांबल्या, ते दिवस मला आठवतात. त्यामुळे त्या गावाची गोष्ट मला परकी वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी मी तिथे गेलो, तेव्हा वडिलांनी मठारलेला एक तांब्या सोबत नेला होता. मठारकामात हातोडीचा प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून पडावा लागतो, हात चुकला की पोचा. एका निवृत्त खाणकामगाराने तो तांब्या उपडा केला आणि बुडापासून काठापर्यंत ठोक्यांच्या ओळीवरून अंगठा फिरवला. त्यांच्या खाणीतलं खनिज पितळेसारखं पिवळं असतं. लाल रंग येतो तो भट्टीतून बाहेर पडल्यावर. ते म्हणाले, "आयुष्यभर पिवळा दगडच फोडला. त्याचं पुढे काय होतं, ते आज हातात घेऊन पाहिलं."

तो तांब्या मी तिथेच ठेवून आलो.