लॉनमधला लव्हाळा आणि हरळी : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

पुणे जिल्ह्यात कृषी पर्यटन केंद्रे, मंगल कार्यालये आणि शेतातली घरे वाढली, तशी त्यांच्यापुढची लॉनही वाढली. या वेळी लॉनमधल्या तणांबद्दल बरेच प्रश्न आले आणि बहुतेकांनी थेट औषधाचे नाव विचारले. औषधाचे सांगतोच, पण आधी गवत कोणते ते ठरवू. लव्हाळा आणि हरळी यांचे उपाय एकमेकांपासून फार वेगळे आहेत आणि चुकीचा उपाय केला तर तण वाढते.

मुळशी तालुक्यातून प्रश्न : दोन गुंठ्यांवर तयार लॉनचे गालिचे आणून अंथरले. सहा महिन्यांत लव्हाळा वर आला. तीनदा खुरपून घेतला, दर वेळी आधीपेक्षा दाट येतो. काय करावे?

एक काडी मुळाजवळ धरून बोटांत फिरवून पाहा. तीन कडा हाताला लागल्या तर तो लव्हाळाच, म्हणजे नागरमोथा. खऱ्या गवताची काडी गोल किंवा चपटी असते. लव्हाळ्याचा जीव जमिनीतल्या गाठींत असतो. या गाठी बारीक मुळ्यांनी माळेतल्या मण्यांसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. खुरप्याने वरचा शेंडा तुटला किंवा माळ मध्येच तुटली, की आतापर्यंत झोपलेल्या गाठी फुटतात. तुमच्याकडे दर वेळी दाट येतो तो यामुळेच.

तुमचा लव्हाळा बहुधा गालिच्यांच्या मातीतूनच आला असावा. यापुढे रोपवाटिकेतून गालिचा घेताना तो उलटा करून खालची माती चाळवून पाहा. काळपट, खडबडीत, शेंगदाण्याएवढी किंवा त्याहून लहान गाठ दिसली तर तो माल परत करा. बाहेरून आणलेली लाल माती आणि न कुजलेले शेणखत हीही याच्या येण्याची नेहमीची वाट आहे.

आता उपाय. जिथे लव्हाळा फार दाट आहे, तेवढा तुकडा एप्रिल-मेमध्ये मोकळा करा. त्याचे पाणी तोडा, कुदळीने वीतभर खोल खणा, ढेकळे फोडून गाठी वेचा. बहुतेक गाठी वरच्या वीतभर थरातच असतात. राहिलेली माती दोन आठवडे उन्हात पसरून अधूनमधून खालीवर करा. लव्हाळ्याची गाठ पाण्यात तग धरते, पण कोरड्या कडक उन्हात सुकून मरते. मुळशीत वळीव लवकर गाठतो, म्हणून हे काम मेच्या शेवटावर ढकलू नका. वेचलेल्या गाठी उकिरड्यावर टाकू नका, वाळवून जाळा.

पाऊस सुरू झाला की उरलेल्या गाठी फुटतीलच. इथे चिकाटी लागते. कोंब वर आल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी नव्या गाठी धरायला लागतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी, वाफसा असताना (माती ओलसर, पण चिखल नसलेली), बारीक खुरप्याने खोलवरून काढत राहा. मधे महिनाभर खंड पडला तर सगळे कष्ट वाया जातात. सलग काढत राहिलात तर गाठीतला साठा संपतो. दोन पावसाळे धरून चाला. एका हंगामात जमीन स्वच्छ होईल असे मी सांगणार नाही.

दुसरे, लॉन फार बारीक कापू नका. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. हिरवळ साडेतीन-चार सेंटिमीटर उंच आणि दाट ठेवली तर त्याचे कोंब दबतात. एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नका. पाणी साचणाऱ्या जागी उतार काढून द्या.

पुरंदरमधून प्रश्न : विकतच्या बारीक पानाच्या लॉनमध्ये हरळी घुसली आहे. रोटाव्हेटर मारून पुन्हा लावू का?

रोटाव्हेटर मारू नका. हरळीचा पेर असलेला प्रत्येक तुकडा नवे रोप होतो, म्हणजे तुम्ही तिची लागवडच कराल. कडेने चर काढून धावत्या काड्या मुळासकट ओढून काढा आणि शेताकडच्या बाजूने वीतभर खोल पत्रा किंवा विटा पुरा.

माझे मत मात्र वेगळे आहे. पुरंदर पर्जन्यछायेचा भाग. तिथे नाजूक लॉनला उन्हाळाभर पाणी घालायचे आणि हरळीशी झगडायचे, यापेक्षा हरळीचीच हिरवळ करा. ती पायाखाली टिकते, पाण्याचा ताण सोसते आणि नियमित कापली तर दाट, सुंदर बसते. गर्द सावलीत मात्र ती येत नाही. झाडाखालची जागा मोकळी ठेवा.

मावळातून प्रश्न : पावसाळ्यात नाचणीसारखे तुरे येणारे गवत माजते. मीठ किंवा डिझेल टाकले तर चालेल का?

नाही. दोन्हींनी जमीन खराब होते आणि तिथे लॉनही येत नाही. हे वर्षायू गवत आहे, बियांवर जगते. तुरा पडण्याआधी काढा, कापलेले गवत गोळा करून लॉनबाहेर न्या.

जुन्नरमधून प्रश्न : लॉनवर कोणते तणनाशक फवारावे? शेजारी द्राक्षबाग आणि टोमॅटो आहे.

टू-फोर-डी रुंद पानांच्या तणांचे औषध आहे, हरळीसारख्या गवतावर ते काम करत नाही. उलट त्याचा नुसता वारा लागला तरी द्राक्ष आणि टोमॅटोची पाने वेडीवाकडी होतात. तुमच्या ठिकाणी ते वापरूच नका. ग्लायफोसेट लॉनसकट सगळे मारते, शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या आदेशाने त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे. उसातल्या लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के, एकरी ३६ ग्रॅम, तीन ते पाच पानांच्या अवस्थेत वापरतात. ते लॉनवर मारायचे असेल तर डब्यावरच्या लेबलमध्ये लॉनचा उल्लेख आहे का ते आधी वाचा. लेबलवर नाव नसलेल्या ठिकाणी फवारा, असा सल्ला मी देणार नाही.

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. तोच पंप बागेत नेऊ नका. फवारलेल्या लॉनवरचे गवत गाई-शेळ्यांना घालू नका. भाद्रपदात गावातली मुले दूर्वा खुडायला येतात. फवारणी केली असेल तर तिथे दोरी बांधून पाटी लावा आणि घरोघर सांगून ठेवा.