कृषी सल्ला: तळ्यातला हिरवा रंग मासळीत कसा सापडतो?

कुडाळकडच्या एका शेतकऱ्याची विचारणा: "रोहूच्या बोटुकलीवर कापसासारखी बुरशी आली, म्हणून गणपतीच्या सुमारास शोभिवंत माशांच्या दुकानातलं हिरवं औषध शेततळ्यात टाकलं. पाणी केव्हाच नितळलं. आता व्यापाऱ्याने मासा तपासला तर अहवालात रंग निघाला. असं कसं?"

ते औषध बहुधा मॅलॅकाइट ग्रीन हा कृत्रिम रंग असावं. मासा ते कल्ल्यांवाटे ओढून घेतो आणि त्याच्या अंगात त्याचं ल्युको-मॅलॅकाइट ग्रीन बनतं. हे रूप बिनरंगी आणि चरबीत मुरणारं, त्यामुळे महिनोन्‌महिने टिकतं. पाणी नितळलं ते खरं, पण माल माशात बसलाय. प्रयोगशाळा दोन्ही रूपं मिळून मोजते. युरोपीय संघाची मर्यादा आधी किलोमागे 2 मायक्रोग्रॅम होती, नोव्हेंबर 2022 पासून 0.5 झाली, म्हणजे टनभर मासळीत अर्धा मिलिग्रॅम!

पूर्वी बिनरंगी रूप लेड डायऑक्साइडवरून नेऊन पुन्हा हिरवं करत आणि 618 नॅनोमीटरला मोजत. आता मांस वाटून ॲसिटोनायट्राइलमध्ये अंश उतरवतात, चरबी वेगळी करतात आणि एलसी-एमएस/एमएस यंत्रावर रेणू त्याच्या वजनावरून आणि तुकड्यांवरून ओळखतात. झटपट किटचा निकाल हा संशय समजा, पक्का पुरावा नव्हे.

नमुना मात्र तुमच्या हातात आहे, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो. औषध कालवलेल्या टबात मासा ठेवू नका. हा रंग उजेडात विरतो, म्हणून मासा फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवा. नाव पेनाने थेट पिशवीवर लिहू नका, चिठ्ठी बाहेरून बांधा. क्रिस्टल व्हायोलेट हा याच घराण्यातला रंग काही शाईंत असतो.

दुसरा प्रश्न गुहागरहून, कोंबड्यांच्या खाद्याचा: "मूठभर पाण्यात टाकलं, रंग सुटला नाही. मग चांगलंच ना?" नाही. खाद्यात भेसळीला वापरले जाणारे सुदान नावाचे कृत्रिम लाल रंग पाण्यात सुटतच नाहीत, ते तेलात विरघळतात. 2006 साली चीनमध्ये बदकांच्या अंड्यांचे बलक लालभडक दिसावेत म्हणून खाद्यात सुदान-4 मिसळल्याचं उघड झालं होतं. खाद्याचा नमुना एकाच गोणीतून काढू नका. चार-पाच गोण्यांतून वरचं, मधलं, तळचं घ्या, कालवून ढीग करा, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. त्यातलं निम्मं सीलबंद करून स्वतःजवळ ठेवा. वाद झाला तर तेच कामी येतं. पेंड, मासळीची कुटी, मका असलेल्या खाद्यात तेल आणि नैसर्गिक रंग भरपूर, म्हणून त्याची सफाई प्रयोगशाळेला जास्त किचकट जाते. निकालाला उशीर लागला तर रागावू नका.

कुडाळच्या तळ्यातला मासा विकू नका, आणि त्याची कुटी करून कोंबड्यांनाही घालू नका. तो अंश खाद्यातून पुढे जाईल. पुन्हा बुरशी आली तर 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम जाडं मीठ विरघळवून बोटुकली त्यात थोडा वेळ बुडवा. मासा बावरला की लगेच बाहेर काढा.